टू-इन-वनमधली धवलेरी

१९९६च्या जूनमध्ये मी वावरच्या शाळेवर रुजू झाले. सिन्नरहून नाशिक, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असा एसटीचा प्रवास, आणि जव्हारला गाडी बदलायची. बरोबर एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं यंत्र. पेटीत साड्यांच्या घड्यांमध्ये अकरा कॅसेट ठेवल्या होत्या. दहा विकतच्या, एक कोरी.

तेव्हा जिल्हा ठाणे होता. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ला. आता निवृत्त होऊन मी जव्हारमध्येच राहते. भाचा पुण्याहून आला की कपाटातल्या कॅसेट बघून विचारतो, "मावशी, फोनवर सगळं मिळतं, हे कशाला सांभाळतेस?" त्याच्या एका मित्राने मात्र नुकताच रेकॉर्ड प्लेअर घेतला आहे आणि एकेका रेकॉर्डला तो दोन-दोन हजार रुपये मोजतो. फोन की रेकॉर्ड, असा त्यांचा वाद रंगतो. मला त्यात बाजू घेता येत नाही. गाणं सांभाळायला मी वावरला शिकले, आणि तिथे प्रश्न वेगळाच होता. जसं आठवेल तसं सांगते.

१. आधी बघावं, तुमचं गाणं कशावर चालतं.

पहिल्या मोठ्या पावसात वीज जायची आणि चार-चार दिवस यायची नाही. टू-इन-वनला सहा मोठे सेल लागत, ते जव्हारहून आणायचे. सेल उतरायला लागले की गाणं आधी जड होतं, मग कुणी मागून ओढून धरल्यासारखं चालतं, आणि बाईचा आवाज पुरुषासारखा यायला लागतो. मुलं सेल काढून उन्हात मांडून ठेवायची, की ते आणखी अर्धा तास चालायचे. आठवड्याला किती गाणी ऐकायची याचा मी हिशेब ठेवू लागले, आणि त्या हिशेबामुळे एकेक गाणं कान देऊन ऐकलं.

वीस वर्षांनी वावरच्या पाड्यांवर मोबाइलचं इंटरनेट आलं, तेव्हा तोच हिशेब रेंजच्या रूपाने परत आला. टेकडीवरच्या एका ठरावीक दगडापाशी उभं राहिलं की फोनवर दोन दांड्या यायच्या. संध्याकाळी पोरं तिथे जमायची, आणि खाली उतरली की गाणं वरच राहायचं. उतरवून ठेवलेल्या गाण्यांचंही तसंच. काही सेवांत तीस दिवसांतून एकदा तरी फोनला इंटरनेट मिळावं लागतं, नाहीतर तीही बंद होतात. शहरात हा नियम कुणाच्या लक्षातही येत नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या, रिचार्ज संपलेल्या माणसाला तो पहिल्याच महिन्यात कळतो.

२. वस्तू घेतली म्हणजे चाकरीही घेतली.

जव्हारला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भिंतींना ओल येते, पुस्तकांना वास येतो, चपलांवर हिरवं चढतं. पहिल्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक कॅसेट लावली आणि आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा आला. उजेडात धरली तर खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरी जाळी दिसली. बुरशी होती. ती कॅसेट मी तशीच दोन-तीनदा वाजवली, ही मोठी चूक. बुरशी हेडला लागली आणि हेडवरून दुसऱ्या कॅसेटना. दिवाळीपर्यंत चार खराब झाल्या.

मग शिकले. कॅसेटला पाच बारीक स्क्रू असतात. सपाट ताटात ठेवून ते काढायचे, म्हणजे हरवत नाहीत. वरचं झाकण सरळ उचलायचं. आतली दोन चाकं फितीसकट उचलून स्वच्छ खोक्यात बसवायची, आणि मऊ कोरड्या कापडाच्या चिमटीतून फीत जाऊ देत पेन्सिलीने हळूहळू फिरवायची. एका कॅसेटला तास-दीड तास लागतो. कापडावर राखाडी रेघ उमटते. फितीमागचा पितळी पट्टीवरचा नमद्याचा छोटा तुकडा निघाला असेल तर तो परत चिकटवायचा. त्याच्या दाबानेच फीत हेडला टेकते. तो नसला की सगळं गाणं पुसट येतं आणि आपण उगाच मशीनला दोष देतो. हेड मात्र स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं.

शेजारच्या घरात बियाणं चुलीच्या वर धुरात टांगलेलं असायचं. मक्याची कणसं, दुधीच्या बिया, सगळं कोरडं ठणठणीत. कॅसेट काही धुरात टांगता येत नाहीत, पण कोरडं ठेवायचं हे तिथूनच कळलं. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून दिल्या. त्या तव्यावर मंद गरम करून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या आणि झाकणाला चिकटपट्टी लावायची. दर वर्षी होळीच्या सुमारास प्रत्येक कॅसेट एकदा पुढे-मागे फिरवायची. अजून करते.

हौसेने रेकॉर्ड घेणाऱ्या मुलांना माझं हेच सांगणं आहे. पैसे मोजून झाल्यावर वस्तू तुमची होत नाही. चौथ्या-पाचव्या पावसाळ्यानंतर ती तशीच वाजली तर झाली म्हणायचं.

३. जिभली मोडा.

कोरी कॅसेट साठ मिनिटांची होती. दोन वर्षं तशीच पडून राहिली. १९९८च्या उन्हाळ्यात शेजारच्या पाड्यावर लग्न होतं. वारल्यांच्या लग्नात धवलेरी असते. लग्नाचे विधी बाईने करायचे, आणि ते गाण्यातून करायचे. कुडाच्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मध्ये पालघाट देवी असते. चौक लिहिला जात असतो तेव्हा धवलेरीचं गाणं सुरू असतं. ही धवलेरी म्हणजे माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी. सगळे तिला बाय म्हणत.

मी टू-इन-वन घेऊन गेले आणि कोपऱ्यात बसले. यंत्र बघून बायका गप्प झाल्या. एकीने विचारलं, "कोणाची पोर गेली, ते विचारायला आलात का?" १९९२-९३मध्ये कुपोषणाच्या बालमृत्यूंनी वावर-वांगणीचं नाव देशभर गेलं होतं. पुढारी, पत्रकार, कॅमेरे येऊन गेले होते. त्या बायकांच्या अनुभवात यंत्र घेऊन येणारा माणूस मेलेल्या मुलांचीच चौकशी करायचा. गाणं मागायला कुणी आलं नव्हतं. मी म्हटलं, गाणं ऐकायला आले. बायने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग सरकून बसायला जागा दिली.

त्या दुपारी दोन्ही बाजू भरल्या. वीज नव्हती, सेलवरच केलं.

पुढच्या वर्षी १५ ऑगस्टसाठी मुलांची गाणी बसवत होतो. एका सहकाऱ्याला तालीम टेप करायची होती. मी वर्गात होते. त्यांनी टेबलावरची कॅसेट घातली, बटण दाबलं, आणि दुसऱ्या बाजूच्या तीस मिनिटांवर "एक, दोन, तीन, पुन्हा घ्या" आलं. त्यांची चूक नव्हती. कॅसेटच्या पाठीमागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन बारीक जिभल्या असतात, एकेका बाजूची एकेक. ती मोडली की मशीनचं रेकॉर्डिंगचं बटण खालीच जात नाही. मोडायला दोन सेकंद लागतात. मी मोडली नव्हती. वर नावही लिहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बायकडे जाऊन सांगितलं. ती म्हणाली, पुन्हा लग्न येईल तेव्हा पुन्हा गाईन. पुढची दोन लग्नं मला सुट्टीमुळे गाठता आली नाहीत. तिसऱ्या वर्षी बाय नव्हती.

अकरा कॅसेटपैकी दहांतलं प्रत्येक गाणं आज फोनवर मिळतं, माझ्या कॅसेटपेक्षा स्वच्छ आवाजात मिळतं. त्या दहा उद्या बुरशीने खाल्ल्या तरी जगाचं काही जात नाही. अकरावीतली उरलेली तीस मिनिटं दुसरीकडे कुठेच नाहीत. भाच्याने विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर तिथे आहे. दुसरीकडे मिळणारं गाणं खुशाल फोनवर ऐका, त्यासाठी कपाट भरू नका. एकच प्रत असलेलं गाणं ज्याच्या घरात आहे, त्याने ते हातात धरून सांभाळलंच पाहिजे. प्रत्येक घरात असं काही ना काही असतं. आजोबांचं भजन असतं, आईने नातवाला म्हटलेलं गाणं असतं, नाहीतर कुणाचा नुसता बोलण्याचा आवाज असतो.

४. दुकानात भरून मिळणारं गाणं.

कॅसेट आणि फोनच्या मधला काळ लिहिणारे लोक मेमरी कार्ड विसरतात. आमच्या भागात दहा-बारा वर्षं त्याचंच राज्य होतं. जव्हारच्या, मोखाड्याच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात वीस-तीस रुपये दिले की दुकानदार कार्ड भरून द्यायचा. त्याच्या कॉम्प्युटरवर फोल्डर केलेले असत: लग्न, तारपा, भजन, डीजे, जुनी हिंदी. आठ जीबीच्या कार्डात हजार-दीड हजार गाणी बसत. नखाएवढी वस्तू, पण पूर्ण मालकीची. रेंज नको, महिन्याचे पैसे नकोत. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर हीच कार्डं गेली आणि पावसाच्या तोंडावर घरी परत आली. तिथे दुसऱ्या तालुक्यातल्या माणसांशी अदलाबदल होऊन नवीन गाणी वावरला पोचली.

याच कार्डांवर आमच्या भागातल्या पोरांनी स्वतः केलेली गाणी फिरली. कीबोर्डवर तारपा या आमच्याकडच्या फुंकून वाजवायच्या वाद्याचा आवाज, बोल आपल्या बोलीतले. गायकाचं नाव फाइलला नसायचं, आणि दुकानदाराने जागा वाचवायला गाणी इतकी दाबलेली असायची की तारप्याचा घुमारा पाण्यात बुडाल्यासारखा यायचा. एक दिवस कार्ड 'फॉरमॅट करा' म्हणायचं आणि सगळं जायचं. कॅसेटची फीत तुटली तर दोन सेकंदांचं गाणं जातं आणि बाकीचं चिकटपट्टीने जोडता येतं. कार्ड बिघडलं की सगळं एकदम जातं. त्या काळातली किती गाणी आता कुठेच नाहीत, याचा विचार आला की मला वाईट वाटतं.

५. भाड्याचं घर आहे हे विसरू नका.

एका गाण्याच्या सेवेवर मी सहा वर्षं यादी जमवली होती. नाट्यगीतं, जुन्या लावण्या, चारशेच्या वर गाणी. सेवा बंद झाली, यादी गेली. गाणी दुसरीकडे सापडतात, पण कोणत्या गाण्यामागे कोणतं लावलं होतं ते आठवत नाही. तेव्हापासून यादी वहीत लिहिते.

वहीची सवय वडिलांची. त्यांच्याकडे रेकॉर्ड कधीच नव्हत्या. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, वर्षभर आठवड्याला नवीन गाणं, एकूण छप्पन. वडील शेजाऱ्यांच्या रेडिओपाशी बसून बोल उतरवून घ्यायचे, राहिलेली ओळ पुढच्या वेळी पुरी करायचे. ती वही माझ्याकडे आहे. आवाज त्यात नाही, पण चाल त्यांना पाठ होती आणि त्यांच्याकडून मला.

६. प्रत काढताना घाई करू नये.

२०१५ साली शाळेत लॅपटॉप आला तेव्हा मी अकरावी कॅसेट त्यात उतरवली. जमलेली रीत सांगते. टू-इन-वनच्या इअरफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला द्यायची. आवाज लाल रेघेच्या बराच खाली ठेवायचा, कारण एकदा फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. पहिली प्रत न दाबता, वेव्ह फाइल म्हणून ठेवायची. मिनिटाला साधारण दहा एमबी लागतात, तीस मिनिटांना तीनशे. एवढी जागा आज कुणाकडेही असते. फोनवर पाठवायला दाबलेली एमपीथ्री वेगळी करायची. फाइलच्या नावात गाव, महिना, वर्ष आणि प्रसंग घालायचा. कॅसेट त्यानंतरही फेकायची नाही.

तीन ठिकाणी ठेवलं आहे: माझ्याकडे एका हार्ड डिस्कवर, भाच्याकडे पुण्यात, आणि बायच्या घरी पेन ड्राइव्हवर.

हे किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं ते हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या कामाने दाखवलं. त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या गावोगावच्या बायकांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, कित्येक गाणाऱ्यांचे आवाज टेपवर घेतले. टेप सांभाळल्या गेल्या म्हणून २०१७पासून त्या ओव्या 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. गाणारीचं नाव आणि गाव बरोबर असतं. फोनवरून ऐकताना माझ्या मनात नेहमी त्या टेपचे डबे येतात. कुणीतरी ते वर्षानुवर्षं कोरडे ठेवले होते.

७. प्रत हातात आहे म्हणून गाणं आपलं होत नाही.

फाइल तयार झाल्यावर ती यूट्यूबवर टाकावी असं मला फार वाटलं. बायच्या सुनेला विचारलं. ती म्हणाली, "लग्न नाही, चौक नाही, आणि हे गाणं कुठेही कधीही वाजणार?" मला उत्तर सुचलं नाही. तिच्या हिशेबात गाण्याला वेळ असते. तारपाही भात-नागली पिकली की बाहेर निघतो. पेरणीच्या दिवसांत कुणी हौस म्हणून वाजवत नाही. फोनवर सगळं गाणं सगळ्या वेळी हजर असतं, ही मला आतापर्यंत निव्वळ सोय वाटत होती. त्या दिवसापासून तशी वाटत नाही. फाइल टाकली नाही. घरच्या माणसांना हवी तेव्हा देते.

८. तारपा.

एका पाड्यावरचे तारपकरी बाबा शाळेच्या ओट्यावर बसून तारपा बांधायचे. सुकवलेला दुधी, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचं भोंग्यासारखं तोंड, सांध्यांना मधमाश्यांचं मेण. नळीतल्या बांबूच्या जिभेला कणभर मेण लावायचे, फुंकून बघायचे, नखाने कणभर काढायचे. असं दुपारभर. वाजवताना गालांत हवा भरलेली आणि नाकाने श्वास चालू, म्हणजे सूर मध्ये तुटतच नाही. भोवती फेर धरणारे तारप्याला पाठ दाखवत नाहीत आणि चाल बदलली की पाऊल बदलतात.

एका वर्षी उंदरांनी तो तारपा कुरतडला. मी हळहळले. बाबांनी शांतपणे नवीन दुधी शोधला. वस्तू मोडली तरी त्यांचं काही अडलं नाही, सगळं हातात आणि छातीत होतं. आमच्याच तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना नव्वदी ओलांडल्यावर, २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मला या बाबांची आठवण आली. धिंडांच्या घरात तारपा पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. बाबांच्या मुलाने तो घेतला नाही. तो वसईला रिक्षा चालवतो आणि यूट्यूबवर तारपा लावतो. मी त्याला बोल लावत नाही. पण बाबांचं वादन मी टेप केलं नाही, कारण ते रोजच ओट्यावर असायचे. रोज असणारं आधी टेप करावं, हे मला फार उशिरा कळलं.

९. वेग तपासून घ्या.

गेल्या एप्रिलमध्ये माझी ती जुनी विद्यार्थिनी, बायची नात, जव्हारला घरी आली. आता तिच्या मुलीचं लग्न होतं. चौक लिहिताना आजीचं गाणं एकदा ऐकवावं असं तिच्या मनात होतं. तिच्या सासूला हे पटलं होतं. मी लॅपटॉप उघडला आणि लावलं.

दोन मिनिटं ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई, ही कोणी पोर गाते. ही बाय नाही."

मला धक्काच बसला. इतकी वर्षं मी हाच आवाज बायचा म्हणून ऐकत होते. मग लक्षात आलं. त्या दुपारी वीज नव्हती, सेल उतरलेले होते. टेप करताना फीत हळू चालली होती, म्हणून ताज्या विजेवर ती वाजवली की गाणं जलद आणि आवाज चढा, बारीक येतो. मूळ वेग किती होता हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

लॅपटॉपमध्ये वेग कमी-जास्त करता येतो. मी एकेक टक्का खाली आणत गेले. ती डोळे मिटून बसली होती, हाताचा पंजा जमिनीवर ताल धरून. "अजून खाली," ती म्हणायची. "अजून. नाही, आता जास्त झालं. थोडं वर." सात टक्क्यांवर तिचा हात थांबला. लॅपटॉपमधला आवाज खोल झाला होता, मध्ये श्वास घेताना किंचित घरघर ऐकू येत होती, ती मी आजवर कधी ऐकली नव्हती.

"बास," ती म्हणाली. "ही आमची बाय." आणि पुढची ओळ तिने बायच्या बरोबरीने धरली.